माळ्यावरचा सर्व्हर

खोगिराचं प्रकरण झालं नसतं, तर मी सर्व्हरच्या वाटेला गेलोच नसतो.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोक जळाल्याचं, बुडाल्याचं, हरवल्याचं सांगतात आणि त्यातलं खरं किती, खोटं किती हे मी बघतो. असाच एका जळालेल्या गोदामाचा दावा आला होता आणि त्यात घोड्याची खोगिरं होती. खोगीर काय भावाने मिळतं याची मला सुतराम कल्पना नव्हती. म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर एकदा, फक्त एकदा, शोधलं. दावा निकालात काढला आणि विसरून गेलो. इंटरनेट मात्र विसरलं नाही. बातम्या उघडल्या की बाजूला खोगीर. हवामान पाहावं तर ढगांच्या खाली खोगीर. गुडघेदुखीचे व्यायाम शोधले, तिथेही खोगीर. आता गुडघे दुखणाऱ्या माणसाने घोड्यावर बसावं असं त्यांना का वाटलं असेल ते तेच जाणोत. मी कुकीज पुसल्या. हिस्टरी पुसली. खासगी विंडो उघडली, तर ते खोगीर तिथेही माझ्या आधी जाऊन बसलेलं.

एके दिवशी घरून काम करताना बैठकीत मी माझी स्क्रीन सगळ्या विभागाला दाखवत होतो. अतिशय गंभीर विषय चालला होता. तेवढ्यात माझ्या तक्त्याच्या उजवीकडे पाटी झळकली: ‘खास तुमच्यासाठी, मऊ बैठकीचं खोगीर. मोठ्या मापातही उपलब्ध.’

“घोडा घेताय का?” साहेबांनी विचारलं.

लोक हसले, त्याचं काही नाही. पण ‘मोठ्या मापातही’ वर जरा जास्तच हसले.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना सगळे ‘सिस्टिमवाली’ म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. बैठक संपल्यावर मी त्यांना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, “कुकीज पुसून काय होणार? तुमच्या ब्राउझरचा ठसा असतो ना. स्क्रीन केवढी, फॉन्ट कोणते, घड्याळ कुठल्या वेळेवर, चित्र काढताना मशीनची रेघ कुठे किंचित हलते. एकेक गोष्ट फालतू, पण सगळ्या एकत्र केल्या की तुम्हीच. जिन्यात कोण चढतंय ते न बघता कळतं की नाही आपल्याला? चपलेवरून, खोकल्यावरून? तसंच.”

“मग उपाय?”

“दर वेळी ठसा थोडा बदलून दाखवणारं, ब्राउझरला जोडायचं एक्स्टेंशन मिळतं. पण मी म्हणते, कशाला नाद…”

पुढचं मी ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी माझ्या, बायकोच्या आणि आत्याच्या, अशा घरातल्या सगळ्या ब्राउझरांमध्ये ते एक्स्टेंशन टाकून मोकळा झालो. कोणाला विचारलं नाही. संरक्षण द्यायचं तर विचारत बसायचं नसतं, असं माझं तेव्हा मत होतं.

खोगिरं चालूच राहिली. म्हणजे एक्स्टेंशन काम करतंय की नुसतं बसून आहे? हे तपासणाऱ्या वेबसाइट आहेत, असं सिस्टिमवाली म्हणाल्या. पण आपला ठसा कोणी घेतंय का, हे विचारायला अनोळखी माणसाकडे जाऊन त्याच्याच हातात ठसा द्यायचा, हे दावे तपासणाऱ्या माणसाला कसं पटावं? “मग हेच तपासणारं ॲप्लिकेशन स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं,” त्या म्हणाल्या. पुढे अनेकदा त्यांनी शपथेवर सांगितलं की हे वाक्य त्या सहज बोलून गेल्या होत्या.

सर्व्हर म्हणजे काही आभाळातून पडत नाही. कपाटात आमचा जुना कॉम्प्युटर होता. त्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी कार्यप्रणाली घालायची, त्यावर ते ॲप्लिकेशन बसवायचं, की झालं. बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, त्यामुळे तिला कुठल्याही गोष्टीचे दुष्परिणाम आधी सुचतात. ती एवढंच म्हणाली, “अहो, करा. पण जेवणाच्या टेबलावर नको.”

टेबलाखाली केलं.

लिनक्स बसलं आणि त्याने पासवर्ड विचारला. मी टाइप करायला लागलो तर पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही. कीबोर्ड गेला, असं निदान करून मी नवा कीबोर्ड आणला. तोही मुका. समोरच्या फ्लॅटमध्ये पडद्यांच्या कापडाचं दुकान असलेले गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना पडदेवालेच म्हणतो. त्यांनी आपला कीबोर्ड आणून दिला, वर “जोरात दाबा” असा सल्लाही दिला. मी जोरात दाबलं. तिसरा कीबोर्डही गप्प. शेवटी सिस्टिमवालींना फोन केला. “पासवर्ड दिसत नाहीच तिथे. तुम्ही लिहा आणि एंटर मारा,” त्या म्हणाल्या. म्हणजे माझ्या तीन कीबोर्डांनी तो बिनबोभाट लिहून घेतला होता, फक्त बोलून दाखवलं नव्हतं.

मग मी पहिली आज्ञा दिली. उत्तर आलं, तुला परवानगी नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाखाली, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्राकडून! आज्ञेच्या आधी ‘सुडो’ असा शब्द लिहिला की अधिकार चालतो, असं वाचलं होतं. तो लिहून पुन्हा आज्ञा दिली. तेव्हा आलेलं उत्तर मला आजही तोंडपाठ आहे. या वापरकर्त्याचं नाव अधिकाऱ्यांच्या यादीत नाही. ही घटना कळवली जाईल.

कोणाला कळवली जाईल?

मी इतकी वर्षं लोकांना पत्रं पाठवतो आहे, ‘आपली बाब पुढील कार्यवाहीसाठी कळवण्यात येत आहे.’ ते पत्र आल्यावर माणसाला कसं वाटतं, हे त्या दिवशी प्रथम कळलं. मी वायर काढून टाकली. घाबरून काढली, असं बायको सांगते; मी ते नाकारतो. पडदेवाले म्हणाले, “तुम्ही आपणहून माफीचा अर्ज द्या, म्हणजे प्रकरण वाढत नाही.” कोणाला द्यायचा, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

सिस्टिमवाली हसून हसून बोलू शकेनात. “अहो, ते तुमच्याच मशीनवर तुमच्याच मशीनला कळवतं. मालक कोण? तुम्ही. मग तुम्हालाच कळलं!” मग त्यांनी मला मशीनच्या ‘रूट’ म्हणजे मूळ मालक-खात्याच्या पासवर्डने आत शिरवून त्या यादीत माझं नाव घालायला लावलं. स्वतःला अधिकारी म्हणून नेमण्याचा हा प्रसंग छोटेखानी होता, पण मी त्यासाठी शर्ट बदलला होता.

आता या सगळ्या गडबडीत आत्या कुठे होती, ते सांगायला हवं. माझी थोरली आत्या आमच्याकडे राहते. सरकारी इस्पितळात मेट्रन होती. अजूनही उशीचा अभ्रा चुरगळलेला दिसला तर घरातला प्रत्येक माणूस सावध होतो. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी धाकटी आत्या, दूरच्या गावी एका वृद्धाश्रमात असते. धाकटीचं विसरणं वाढत चाललं होतं. तिला चेहरे सतत दिसत राहिले पाहिजेत, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून थोरली दर रविवारी आश्रमाच्या वेबसाइटवरून तिला व्हिडिओवर भेटायची. आधी भेटीची वेळ मागायची आणि आपल्या कॉम्प्युटरसमोर इस्त्रीची साडी नेसून बसायची. हल्ली तिची ती भेट होत नव्हती. मी टेबलाखाली असताना तिचे पाय माझ्याजवळ येऊन थांबायचे.

“अरे, आजही ‘नवीन उपकरण, मंजुरी प्रलंबित’ म्हणतंय.”

“होईल आत्या. त्यांचा सर्व्हर बिघडला असेल,” मी आतून सांगायचो. सर्व्हर बिघडणं म्हणजे काय, हे मला आता आतून माहीत झालं होतं ना!

ॲप्लिकेशन शेवटी उतरलं. सुरू करायला गेलो तर म्हणे, हा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं आत येण्याचं दार, दुसरं कोणीतरी वापरतं आहे. माझा संशय सरळ पडदेवाल्यांवर गेला, कारण तिसरा कीबोर्ड त्यांचा होता. मी त्यांच्याशी अर्धा दिवस तुटकपणे बोललो. मग कळलं की सकाळी मीच ते एकदा सुरू केलं होतं आणि ते निमूटपणे चालू होतं. म्हणजे दार अडवून मीच उभा आणि दाराबाहेरूनही मीच ओरडतोय. पडदेवाल्यांना मी सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, “माझं नाव आलं, हेच खूप.” अशी माणसं शेजारी लाभायला भाग्य लागतं.

यंत्र घूं-घूं करायचं. बायकोने त्याला ‘माळ्यावर हलवा’ असं औषध लिहून दिलं. माळ्यासाठी शिडी हवी, आणि शिडी इमारतीच्या सेक्रेटरींच्या ताब्यात. त्यांनी विचारलं, “कारण?” मी प्रामाणिकपणे सांगितलं, “सर्व्हर ठेवायचाय.” त्यांचा चेहरा बदलला. “राहत्या इमारतीत सर्व्हर म्हणजे व्यवसाय. त्याला समितीची मंजुरी लागते.” मी म्हटलं, जुना कॉम्प्युटर ठेवायचाय. “मग हरकत नाही. अडगळ ठेवायला मंजुरी लागत नाही.” माझ्या सर्व्हरची अशी अडगळ म्हणून नोंद झाली आणि शिडी मिळाली.

पडदेवाल्यांनी माळ्यावर धूळ येऊ नये म्हणून दुकानातला एक जाड, फुलाफुलांचा पडदा शिवून दिला. पैसे घेईनात. तो पडदा इतका घट्ट बसला की आत यंत्र तापून बंद पडलं. पुन्हा शिडी. पडद्याची एक बाजू वर केली. खाली येऊन मी टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरशी बोलायला लागलो आणि एक गोष्ट आठवली. सुरक्षा! इंटरनेटवर सगळे सांगतात, फायरवॉल लावा. मी ताबडतोब लावली. ती इतकी चोख लागली की तिने सगळ्यात आधी मलाच बाहेर काढलं. मला आत येऊ द्यायचं असं तिला आधी सांगायचं असतं म्हणे. आता वर जाऊन, सर्व्हरला मॉनिटर नि कीबोर्ड जोडून, मांडी घालून तिथेच सांगावं लागणार होतं.

“परत शिडी?” सेक्रेटरींनी विचारलं. “अडगळ फार हलवता हो तुम्ही.”

ते स्वतः शिडी धरायला आले. मी वर, माळ्याच्या पत्र्याला डोकं टेकून, मांडीवर कीबोर्ड, फुलाफुलांच्या पडद्याखाली. खाली सेक्रेटरी शिडी धरून, पडदेवाले टॉर्च धरून, आणि बायको कपाळ धरून. त्या अवस्थेत मी शेवटची आज्ञा दिली. बायकोने खालून ब्राउझर उघडला आणि म्हणाली, “अहो, काहीतरी आलं! ‘ही जागा सुरक्षित नाही, तुमची माहिती चोरीला जाऊ शकते.’”

सेक्रेटरींनी शिडी सोडली. आपल्या घराला कुलूप लावलंय का, ते बघायला गेले म्हणे. उतरायला म्हणून पाय खाली सोडलेला मी लोंबकळत सांगत होतो की सर्व्हर सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र मी स्वतःच स्वतःला दिलंय, म्हणून ब्राउझर तसं म्हणतो. ‘तरीही पुढे जा’ वर दाबा. पडदेवाल्यांनी एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात माझा पाय धरला होता. तो पाय त्यांनी सोडला नाही. त्याबद्दल मी त्यांचा जन्मभराचा ऋणी आहे.

आणि पान उघडलं. स्वच्छ, पांढरं. वर लिहिलेलं, ‘तुमच्या ब्राउझरचा ठसा’. खाली स्क्रीनचं माप, फॉन्ट, घड्याळ, आणि शेवटी एक लांबलचक ओळखक्रमांक. शेजारी निर्णय: ‘या आधी आलेले दिसत नाही’. बायकोने पान पुन्हा उघडलं. क्रमांक वेगळा. पुन्हा ‘या आधी आलेले दिसत नाही’. म्हणजे एक्स्टेंशन चालतंय! आमच्या घरातला माणूस कोणालाच ओळखू येत नव्हता. मी माळ्यावरून विजयी मुद्रेने उतरलो. सेक्रेटरी परत आले होते. त्यांनी फोनवर आपला ठसा पाहिला. त्यांच्या फोनमध्ये एक्स्टेंशन नसल्यामुळे दुसऱ्यांदा उघडताच ‘ओळखीचे’ असं आलं. “आमचं कसं, सगळं सरळ असतं,” ते अभिमानाने म्हणाले.

आत्या मागे उभी राहून सगळं बघत होती. ती म्हणाली, “मी बघू?” आपल्या कॉम्प्युटरवर तिने पान उघडलं. एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी तेच, ‘या आधी आलेले दिसत नाही.’

“अगदी हेच,” आत्या म्हणाली. “आश्रमाचं अगदी हेच म्हणणं आहे. दर रविवारी मी नवीन.”

म्हणजे आश्रमाची वेबसाइटही ठशावरूनच माणूस ओळखत होती आणि आत्याचा ठसा मीच दर वेळी बदलत होतो. मग बायकोने माझ्याकडे पाहिलं. चुकीचं औषध देणाऱ्याकडे ती ज्या नजरेने पाहते, त्या नजरेने.

आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चष्मा पुसला आणि विचारलं, “काढता येतं का ते?” मी तिथल्या तिथे काढलं. पान पुन्हा उघडलं. दुसऱ्या खेपेला पडद्यावर आलं, ‘ओळखीचे’. आत्याने ते पुन्हा उघडून पाहिलं आणि ‘हं’ म्हणाली. एरवी हे ‘हं’ ती रुग्णाचा ताप उतरला की म्हणत असे.

पण तेवढ्याने भागलं नाही. आश्रमात फोन केला तर तिथला कारकून म्हणाला, “बाई, तुमच्या नावावर आमच्याकडे बरीच माणसं आलीत. दर आठवड्याला वेगळी. त्यातल्या खऱ्या कोण?”

“सगळ्या मीच,” आत्या म्हणाली.

“असं सगळ्याच म्हणतात,” तो म्हणाला. एका वृद्ध बाईला खोट्या नातेवाइकांपासून वाचवायचं म्हणून त्याने प्रवेशच गोठवला होता. खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो, तर मीही तेच केलं असतं. त्याला तांत्रिक खुलासा हवा होता, पुराव्यासह.

आयुष्यभर दुसऱ्यांचे खुलासे वाचले. आता स्वतः लिहायला बसलो. सिस्टिमवाली सुट्टीच्या दिवशी घरी आल्या. आत्याच्या कॉम्प्युटरवरून एक्स्टेंशन लावून आणि काढून आम्ही पान उघडत राहिलो आणि सर्व्हरचे निकाल छापून घेतले. एक्स्टेंशन असताना तीच बाई दर वेळी अनोळखी. काढल्यावर दर वेळी ओळखीची. माझा सर्व्हर नसता तर हे कोणापुढे मांडता आलं असतं? खुलाशाच्या शेवटी ‘सदर प्रकार अर्जदाराच्या भाच्याच्या अतिउत्साहामुळे घडला’ असं वाक्य सिस्टिमवालींनी घातलं. मी ‘अति’ खोडायला सांगितलं. बायकोने परत घातलं.

जाता जाता मी त्यांना विचारलं, “पण मग खोगिरं का थांबली नाहीत?”

“तुम्ही तुमच्या खात्यात लॉग-इन करूनच सगळीकडे फिरता हो,” त्या म्हणाल्या. “नावाची पाटी गळ्यात घालून वेष बदलला, तर काय उपयोग?” आणि त्या चप्पल घालून गेल्या. ही बाई आमच्यासाठी आपली सुट्टी घालवून आली होती, म्हणून मी त्या वाक्याचं वाईट वाटून घेतलं नाही. फार वेळ.

कारकुनाने खुलासा मान्य केला. रविवारी दुपारी भेट ठरली. आत्याने साडी आदल्या दिवशीच काढून ठेवली. पडदेवाले आणि सेक्रेटरी ‘सहज’ आले आणि सहजच खुर्च्या घेऊन बसले. आत्याने वेबसाइट उघडली. क्षणभर ते गोल चक्र फिरत राहिलं. मला माळ्यावरसुद्धा एवढी भीती वाटली नव्हती. मग पडद्यावर अक्षरं आली, ‘ओळखीचे उपकरण. स्वागत आहे.’

धाकटी आत्या दिसली. फार बारीक झाली होती. शेजारी आश्रमातली परिचारिका. धाकटी आमच्याकडे बघत होती, पण पाहुण्यांकडे बघावं तसं, नम्रपणे. थोरलीने तिला बघू दिलं. ती मेट्रन होती, रुग्णाला घाई करायची नाही हे तिला माहीत होतं. पण टेबलाखाली तिच्या हाताने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांना मुंग्या आल्या.

खूप वेळाने धाकटी पुढे वाकली. “ताई,” ती म्हणाली, “तू केस कापलेस? विचारलं नाहीस मला.”

“तू भेटतच नव्हतीस तर विचारणार कशी?” थोरली म्हणाली आणि तिने चष्मा काढला. पडदेवाल्यांनी खिशातून रुमाल काढला. तो पडद्याच्याच कापडाचा होता. सेक्रेटरी छताकडे बघून इमारतीच्या ओलीचा अभ्यास करू लागले.

धाकटीची नजर हळूहळू थोरलीच्या मागे आली. माझ्यावर. मी जवळ सरकलो. माझं वय झालंय, चष्मा आहे, पोट आहे. ही मला काय ओळखणार, म्हणून मी स्वतःच नाव सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिचा चेहरा उजळला आणि ती मोठ्यांदा, खणखणीत आवाजात म्हणाली, “अगं बाई! ही आपली पिपाणी ना?”



“पिपाणी?” सेक्रेटरींनी ओल सोडून विचारलं.

“पाळण्यात असा बारीक आवाज काढून रडायचा,” थोरली डोळे पुसत, हसत सांगू लागली, “की गल्लीतले लोक विचारायचे, पिपाणी कोण वाजवतंय?” आणि पडद्यावर धाकटी तो आवाज काढून दाखवायला लागली. हुबेहूब, असं थोरलीचं म्हणणं. परिचारिकाही हसायला लागली. दोघी बहिणी भेटीची वेळ संपेपर्यंत माझ्याच रडण्याबद्दल बोलत होत्या. कोणत्या रात्री, कोणाच्या मांडीवर, कोणत्या आवाजात. सगळं धाकटीला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो. जिन्यात सेक्रेटरी शिडी घेऊन उभे होते. “काय पिपाणी, आज अडगळ हलवायची नाही ना?” त्यांनी विचारलं. वरच्या मजल्यावरून पडदेवाल्यांचं हसणं ऐकू आलं.

मी वळून म्हटलं, “नाही. पण हाक मारलीत, बरं वाटलं.” आणि खरंच वाटत होतं.